टर्बोच्या अलीकडची नळी

मोटारीच्या इंजिनातून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूकडे पाहण्याची रूढ दृष्टी सांडपाण्याकडे पाहण्याच्या दृष्टीहून फारशी वेगळी नाही. तो जितक्या लवकर आणि विनासायास निघून जाईल तितके बरे, आणि म्हणून त्याला वाहून नेणारी नळी जितकी रुंद, गुळगुळीत आणि मोकळी तितकी उत्तम, असे मानले जाते. सिलिंडरच्या माथ्याला, म्हणजे हेडला, जोडलेल्या आणि प्रत्येक सिलिंडरचा निष्कास वायू गोळा करून पुढे नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला मॅनिफोल्ड म्हणतात, आणि हेच जुडगे बिडात ओतण्याऐवजी पोलादी नळ्या वाकवून व सांधून तयार केले की त्याला हेडर म्हणण्याची पद्धत आहे. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाच्या बाबतीत ही सांडपाण्याची दृष्टी अपुरी असली तरी फारसे नुकसान करत नाही. टर्बोच्या इंजिनात मात्र ती मुळातच दिशाभूल करते, कारण तेथे नळीतून जाणारा वायू अजून कामाला जुंपायचा असतो. टरबाइनचे चाक, त्याच दांड्यावर बसवलेले हवा दाबणारे संपीडकाचे चाक आणि त्या हवेवर पोसली जाणारी पुढची ज्वलने, हे सगळे चक्र या हातभर लांबीच्या नळीत काय शिल्लक राहते आणि काय वाया जाते यावर अवलंबून असते.

या गैरसमजाचे मूळ हेडरच्या विद्येच्या जन्मात आहे. ती विद्या घडली वातावरणाच्या दाबावर श्वास घेणाऱ्या, टर्बो नसलेल्या शर्यतीच्या इंजिनांवर, आणि ती लाटांची विद्या होती. निष्कास व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये वातावरणाच्या चार-पाच पट किंवा त्याहूनही अधिक दाब शिल्लक असतो. तो नळीत सुटताच दाबाची एक तीव्र लाट ध्वनीच्या वेगाने पुढे धावते. नळी जेथे एकदम रुंद होते किंवा उघड्यावर संपते तेथून ही लाट उलटी फिरते, आणि उलटताना तिचे रूप पालटते, म्हणजे दाबाची लाट जाते आणि ओढीची लाट परत येते. ही ओढ व्हॉल्व्ह मिटण्याच्या बेतात असताना सिलिंडरपाशी पोहोचली तर उरलासुरला जळका वायू खेचून काढते आणि त्याच क्षणी उघडत असलेल्या दुसऱ्या व्हॉल्व्हमधून ताजे मिश्रण आत यायलाही हात देते. नळ्या पाऊण ते एक मीटर लांब ठेवणे, चारही एकाच लांबीच्या करणे, त्या एका निमुळत्या संगमात आणणे, हे सगळे नियम या परतीच्या लाटेची वेळ साधण्यासाठी जन्मले. टर्बो मध्ये आला की या हिशेबाचा पाया हलतो. आता नळीच्या टोकाला मोकळे आकाश राहत नाही, टरबाइनची अरुंद वाट येते, आणि अरुंद टोकावरून परतणारी लाट ओढीची नसते, दाबाचीच असते. संगमापाशी थोडीफार ओढ अजूनही निर्माण होते हे खरे, परंतु जिच्यासाठी लांब नळीचा सगळा खटाटोप होता ती मोठी ओढ गेलेली असते. नियम मात्र सवयीने उरले आहेत.

टर्बोचा स्वतःचा इतिहास वेगळेच सांगतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली निष्कास वायूवर फिरणाऱ्या टरबाइनने इंजिनात हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले, परंतु ती कल्पना खऱ्या अर्थाने मार्गी लागायला पुढे वीस वर्षे जावी लागली. १९२५ साली त्याने घेतलेल्या पेटंटाचा गाभा टरबाइनमध्ये किंवा संपीडकात नव्हता, तो नळ्यांच्या वाटणीत होता. सर्व सिलिंडरांचा वायू एका प्रशस्त पिंपात गोळा करून तेथून टरबाइनकडे सोडण्याऐवजी एकमेकांच्या आड न येणाऱ्या सिलिंडरांचे गट पाडावेत, प्रत्येक गटाला अरुंद व स्वतंत्र नळी द्यावी आणि या नळ्या टरबाइनच्या तोंडापर्यंत वेगळ्याच ठेवाव्यात, असे त्याचे सार होते. त्याच सुमारास 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या जर्मन प्रवासी जहाजांच्या दहा सिलिंडरी डिझेल इंजिनांची शक्ती टर्बोच्या बळावर १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीवर गेली. आजच्या मोटारींच्या जाहिरातींत 'ट्विन स्क्रोल' म्हणून जे मिरवले जाते, म्हणजे टरबाइनच्या शंखाकृती कवचात मधोमध भिंत घालून केलेले दोन कप्पे, ते या वाटणीचेच धाकटे भावंड आहे. फक्त जाहिरातीत श्रेय कवचाला मिळते आणि त्या कवचापर्यंत दोन प्रवाह वेगळे आणून देणारी नळी अनुल्लेखित राहते.

टर्बो उष्णतेवर चालतो, असे सर्रास म्हटले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. टरबाइनला मिळणारे काम वायूचे वस्तुमान, त्याचे निरपेक्ष तापमान आणि टरबाइनच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबांचे गुणोत्तर या तिन्हींवर ठरते. दाबात फरकच नसेल तर वायू कितीही तापलेला असला तरी चाक हलणार नाही. चुलीवरच्या उघड्या पातेल्यातली वाफ काही हलवत नाही, झाकण दाबून कोंडलेली वाफ झाकण उडवते. प्रश्न असा की हा दाब कोठून आणायचा आणि त्याची किंमत कोणी मोजायची. सिलिंडर रिकामा होण्याची क्रिया दोन टप्प्यांत घडते. पहिल्या टप्प्यात व्हॉल्व्ह उघडताच कोंडलेला वायू आपल्याच दाबाने उफाळून बाहेर पडतो; दुसऱ्या टप्प्यात वर येणारा पिस्टन उरलेला वायू ढकलून काढतो. पहिल्या उफाळ्यातली ऊर्जा एरवी सायलेन्सरमध्येच विरून गेली असती, म्हणून ती टरबाइनला जवळजवळ फुकट मिळते. दुसऱ्या टप्प्यात टरबाइनच्या अरुंद वाटेमुळे जो दाब साचतो त्याविरुद्ध पिस्टनला रेटावे लागते, आणि ती ऊर्जा इंजिन आपल्याच क्रँकमधून चुकती करते. चांगला हेडर ओळखायचा तो येथे: टरबाइनला अधिकाधिक फुकटच्या उफाळ्यावर जगवणारा आणि पिस्टनवर कमीत कमी कर्ज चढवणारा. नळीचा व्यास, लांबी, वळणे, धातू या साऱ्या गोष्टी या एका कसोटीच्या हाताखालच्या आहेत.

ही कसोटी लावायची तर नळी मिलिमीटरांत मोजून भागत नाही, ती क्रँकच्या अंशांत मोजावी लागते. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, चारही सिलिंडर एकेकदा पेटतात. दर १८० अंशांना एक, आणि बहुतेक इंजिनांत १-३-४-२ या क्रमाने. निष्कास व्हॉल्व्ह पिस्टन तळाला पोहोचण्याच्या पन्नास-साठ अंश आधीच उघडतो आणि पिस्टन माथ्याला लागून परत फिरल्यावर थोड्या वेळाने मिटतो, म्हणजे एकंदरीत सुमारे २५० अंश उघडा राहतो. २५० आणि १८० या आकड्यांतला सत्तर अंशांचा फरक हेच सगळ्या भांडणाचे मूळ होय. पहिल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह अजून सत्तर अंश उघडा राहायचा असतो, त्याचे काम संपत आलेले असते, आतला दाब उतरलेला असतो, ताज्या हवेचा व्हॉल्व्हही उघडू लागलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी तिसरा सिलिंडर आपला उफाळा सामायिक नळीत सोडतो. तो उफाळा टरबाइनकडे धावतो तसाच पहिल्या सिलिंडरच्या उघड्या दारातूनही आत घुसू पाहतो.

तो तेथे केव्हा पोहोचेल, हे साध्या त्रैराशिकाने काढता येते. मोकळ्या हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापलेल्या निष्कास वायूत तो ६५० मीटरच्या आसपास जातो. आखूड मॅनिफोल्डमध्ये एका व्हॉल्व्हपासून दुसऱ्यापर्यंतची वाट ४० सेंटीमीटर धरली तर लाटेला ०.६ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात क्रँक मिनिटाला २,००० फेऱ्यांवर सात-आठ अंश आणि ६,००० फेऱ्यांवर सुमारे २२ अंश फिरतो. म्हणजे दोन्ही वेगांत लाट सत्तर अंशांच्या उघड्या दाराच्या आतच येऊन पोहोचते. आता बाजारात मान असलेला, प्रत्येकी ८० सेंटीमीटरच्या समान नळ्यांचा लांब हेडर घेतला तर वाट १.६ मीटरची होते आणि प्रवासाला सुमारे अडीच मिलिसेकंद लागतात. ६,००० फेऱ्यांवर याचे ८८ अंश होतात, म्हणजे लाट पोहोचेपर्यंत दार मिटलेले असते आणि उपद्रव टळतो. परंतु २,००० फेऱ्यांवर तेवढ्याच वेळाचे तीसच अंश होतात आणि लाट उघड्या दारात हजर राहते. समान लांबीच्या लांब हेडरची कीर्ती आणि त्याची मर्यादा, दोन्ही या एका गणितात सामावलेल्या आहेत. वरच्या वेगात धावणाऱ्या शर्यतीच्या इंजिनाला त्याचा खरोखरच लाभ होतो. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये खालच्या फेऱ्यांवरून जोर मागणाऱ्या रस्त्यावरच्या मोटारीला तो होत नाही.

वाटणीचा मार्ग या गणितातून सुटतो, कारण तो वेळ विकत घेण्यासाठी लांबी खर्च करत नाही. पहिला आणि चौथा सिलिंडर एका नळीत, दुसरा आणि तिसरा दुसऱ्या नळीत घातले की प्रत्येक नळीत दोन उफाळ्यांमध्ये ३६० अंशांचे अंतर पडते, आणि व्हॉल्व्ह तर २५० अंशच उघडा असतो. हे अंतर इंजिन कोणत्याही वेगाने फिरत असले तरी तेवढेच राहते. मित्सुबिशीने लान्सर इव्होल्यूशनच्या १९९६ सालच्या चौथ्या पिढीपासून आपल्या दोन लिटर इंजिनावर हाच मार्ग धरला. वाटणी मात्र शेवटपर्यंत पाळावी लागते. दोन प्रवाह टरबाइनच्या तोंडाआधी कोठेही एकत्र झाले, मग ते जादा वायू टरबाइनला वळसा घालून सोडणाऱ्या वेस्टगेटच्या सामायिक नळीत का असेना, तर भिंत असून नसल्यासारखी होते. घरगुती हेडरांत ही चूक वारंवार आढळते आणि ती बाहेरून दिसत नाही.

लांबीचा आणखी एक दोष आहे, आणि तो आकारमानाचा. सिलिंडरमधून उफाळलेला वायू नळीत शिरून तेथला दाब वाढवतो. नळीची पोकळी जितकी मोठी तितकी ही वाढ कमी, जसा एका तांब्याने घागरीतले पाणी बोटभर चढते आणि हौदातले चढल्याचे कळतही नाही. ४२ मिलिमीटर आतील व्यासाच्या आणि ८० सेंटीमीटर लांबीच्या चार नळ्यांची एकत्र पोकळी जवळजवळ साडेचार लिटर भरते, म्हणजे दोन लिटरच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. ३८ मिलिमीटर व्यासाच्या आणि २५ सेंटीमीटर लांबीच्या चार नळ्यांत हीच पोकळी १.१ लिटरवर येते. पहिल्या हेडरमध्ये उफाळ्याची धार टरबाइनपर्यंत पोहोचता पोहोचता बोथट होते. शिवाय पाय पेडलवर पडल्यावर एवढी पोकळी नव्या दाबाने भरायला वेळ लागतो आणि तो वेळ चालकाला टर्बोची दिरंगाई म्हणून जाणवतो. रुंद नळी म्हणजे मोकळी नळी, हा समज येथे सर्वांत महाग पडतो. नळीचा व्यास हेडमधल्या निष्कास मार्गाच्या तोंडापेक्षा फारसा मोठा नसावा, हा जुन्या कारागिरांचा आडाखा म्हणूनच शहाणपणाचा आहे.

उलट घुसलेल्या त्या लाटेचे पुढे काय होते, याकडे सहसा दुर्लक्ष होते आणि पेट्रोल इंजिनाच्या दृष्टीने खरा विषय तोच आहे. सिलिंडरमध्ये परत शिरलेला किंवा अडकून राहिलेला जळका वायू ताज्या मिश्रणाची जागा अडवतो, हे नुकसान लहान आहे. तो सुमारे हजार अंश तापलेला असतो आणि ताजे मिश्रण पेटण्यापूर्वीच तापवून ठेवतो, हे नुकसान मोठे आहे. तापलेले व दाबलेले मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता कोपऱ्यात आपोआप भडकते, त्याला नॉकिंग म्हणतात, आणि टर्बोच्या पेट्रोल इंजिनाची शक्ती अखेर याच ठिकाणी अडते. नॉकिंग टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा पाडतो. ठिणगी उशिरा पडली की ज्वलन उशिरा संपते. ज्वलन उशिरा संपले की निष्कास वायू आणखी तापतो. तो फार तापला की टरबाइन वाचवण्यासाठी जादा पेट्रोल ओतून त्याला थंड करावे लागते. नळ्यांच्या चुकीच्या जोडणीची किंमत अशी ठिणगी आणि इंधन या दोन खात्यांत वसूल होते, आणि दोष मात्र टर्बोच्या आकाराला दिला जातो. चारांपैकी एकाच सिलिंडरची कोंडी होत असेल तर त्या एका सिलिंडरच्या सहनशक्तीवर सगळ्या इंजिनाचा दाब ठरवावा लागतो, आणि समान लांबीच्या नळ्यांचा टर्बोच्या इंजिनाला जो खरा उपयोग आहे तो हाच, सिलिंडरांना सारखी वागणूक देण्याचा.

सिलिंडरांची संख्या बदलली की प्रश्नच बदलतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात पेटण्याचे अंतर २४० अंशांचे असते, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याच्या काळाएवढेच. भांडण जवळजवळ संपते आणि तिन्ही नळ्या आखूड करून सरळ एकत्र आणल्या तरी कोणी कोणाच्या दारात शिरत नाही. सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे पुढचे तीन आणि मागचे तीन असे गट पाडले की अशीच दोन तीन-सिलिंडरी कुटुंबे मिळतात. फॉर्म्युला वनचा इतिहास या नजरेने पुन्हा वाचण्याजोगा आहे. रेनॉने १९७७ साली दीड लिटरच्या व्ही-सहा इंजिनावर एक टर्बो बसवून पदार्पण केले आणि मोटार सतत बंद पडण्याबद्दल गाजली. १९७९ साली दिजों येथे जाँ-पिएर जाबूय याने टर्बो इंजिनाचा पहिला विजय मिळवला तेव्हा प्रत्येक रांगेला स्वतंत्र लहान टर्बो होता. लहान चाके लवकर वेग घेतात, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण बरोबरच आहे, परंतु प्रत्येक टर्बोला २४० अंशांच्या अंतराने येणारे तीन स्वच्छ उफाळे मिळू लागले, हेही तेवढेच खरे आहे. २०१४ साली १.६ लिटरच्या व्ही-सहा टर्बो इंजिनांचे नियम आले तेव्हा मर्सिडीजने लांब, डौलदार नळ्यांना फाटा देऊन प्रत्येक रांगेतल्या तिन्ही सिलिंडरांची तोंडे एका आखूड आडव्या नळीत उघडणारा मॅनिफोल्ड वापरला. मालमोटारीवर शोभणारी ही रचना शर्यतीच्या सर्वोच्च श्रेणीत पाहून अनेकांना नवल वाटले. ९० अंशांच्या त्या व्ही-सहा इंजिनाच्या प्रत्येक रांगेत उफाळे २४० अंशांनीच येतात, हे लक्षात घेतले तर नवलाचे कारण उरत नाही: वेळेची वाटणी क्रँकनेच करून ठेवली असल्याने नळीने फक्त पोकळी लहान ठेवायची आणि उष्णता जपायची होती. त्या वर्षीच्या १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या. सारे श्रेय नळीला देणे अर्थातच हास्यास्पद ठरेल, पण आखूड नळी आड आली नाही एवढे नक्की.

क्रँकची वाटणी जेथे अडचणीची असते तेथे नळ्यांना कसरत करावी लागते. प्रवासी मोटारींतील नेहमीच्या व्ही-आठ इंजिनात एका रांगेतले उफाळे सारख्या अंतराने येत नाहीत. कधी ९० अंशांनी, कधी १८०, कधी २७०. ३६० अंशांच्या जोड्या जुळवायच्या तर प्रत्येक जोडीतला एक सिलिंडर या रांगेतला आणि दुसरा त्या रांगेतला निघतो. बीएमडब्ल्यूने २००९ साली एक्स-५ एम आणि एक्स-६ एम या मोटारींत टर्बो दोन्ही रांगांच्या मधल्या दरीत बसवून आणि नळ्या एका रांगेतून दुसरीकडे ओलांडून नेऊन हे साधले. गाडीच्या झाकणाखाली धगधगता कोळसा ठेवल्यासारखी ती मांडणी आहे, पण हिशेब चोख आहे. सुबारूच्या समोरासमोरच्या चार सिलिंडरांचाही पेच असाच. तेथे पेटण्याचा क्रम १-३-२-४ असून विषम आकड्यांचे सिलिंडर एका बाजूला आणि सम आकड्यांचे दुसऱ्या बाजूला असतात, म्हणजे एका बाजूचे दोघे लागोपाठ पेटतात आणि योग्य जोडी जुळवायला नळी इंजिनाखालून पलीकडे न्यावी लागते. अनेक वर्षे बहुतेक देशांत विकल्या गेलेल्या या मोटारींत ते केले नव्हते. असमान लांबीच्या नळ्यांतून उफाळे मागे-पुढे होत टर्बोपाशी पोहोचत आणि त्यातून तो घुमणारा, अडखळता आवाज निघे, ज्यावर चाहत्यांनी जीव ओवाळून टाकला. सुबारूच्याच डब्ल्यूआरएक्स या मोटारीच्या २०१५ च्या आवृत्तीत टर्बो इंजिनाखाली गेला, नळ्या समान झाल्या, टरबाइनला दोन कप्पे मिळाले, इंजिन सुधारले आणि आवाज गेला. त्यानंतर असमान नळ्यांचे हेडर मुद्दाम विकत घेऊन बसवणारेही निघाले. दोषाच्या आवाजावर प्रेम करायला हरकत नाही. त्याला शक्तीचा आवाज समजणे तेवढे चूक.

या साऱ्यावरून उफाळे जपणे हेच सर्वकाळ श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. टरबाइनची पाती एका ठरावीक वेगाने येणाऱ्या वायूसाठी घडवलेली असतात. वायू कधी धबधब्यासारखा आणि कधी झिरपत आला तर पात्यांवरचा त्याचा कोन बिघडतो आणि कार्यक्षमता घसरते. दोन कप्प्यांच्या कवचात एका वेळी एकच बाजू भरलेली असते, मधल्या भिंतीचे घर्षण असते, आणि दोन्ही बाजूंनी तापणारी ती पातळ भिंत तडकण्याची भीतीही असते. जहाजांच्या प्रचंड टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्यूखीची वाटणी सोडून पुन्हा सामायिक मोठ्या पिंपाकडे मोहरा वळवला, कारण तोवर टर्बो इतके कार्यक्षम आणि भरणाचा दाब इतका जास्त झाला होता की संथ, स्थिर दाबावर टरबाइन चालवणेच फायद्याचे ठरले. महिनोन्महिने एकाच वेगाने चालणाऱ्या जहाजाला तत्परतेची गरज नसते. सिग्नलला थांबून पुन्हा निघणाऱ्या मोटारीला असते. मोटारींच्या डिझेल इंजिनांना नॉकिंगची ही अडचण नसल्याने आणि टरबाइनच्या तोंडाशी हलत्या पाकळ्या बसवून वाट अरुंद-रुंद करता येत असल्याने त्यांच्यावर साधा आखूड मॅनिफोल्ड निवांत टिकून राहिला.

धातूचा विचार बहुधा शेवटी होतो आणि अनेकदा निकाल तोच लावतो. टरबाइनला मिळणारे काम निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात असल्याने ९०० अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ११७३ केल्विन तापलेल्या वायूने वाटेत साठ अंश गमावले तर पाच टक्के काम गेले. हे थोडे नाही, पण उफाळा बोथट होण्याच्या मानाने फारही नाही. त्याहून मोठा प्रश्न टिकण्याचा आहे. स्टेनलेस पोलादाची अर्धा मीटर नळी ९०० अंशांनी तापली की आठ मिलिमीटरच्या आसपास लांबते. चार नळ्या एका बाजूला थंड हेडच्या फ्लँजला आणि दुसऱ्या बाजूला जड टर्बोला बांधलेल्या असल्या तर हे लांबणे कोठे तरी सांध्यातच फुटून बाहेर पडते. आर्गन वेल्डिंगने देखणे सांधलेले हेडर फ्लँजपाशी तडकतात ते यामुळे, आणि अशा तड्यातून उफाळ्याचा दाब निसटू लागला की नळ्यांच्या आखणीतले सगळे कौशल्य व्यर्थ जाते. सिलिकॉन आणि मॉलिब्डेनम मिसळलेले बीड साडेआठशे-नऊशे अंशांपर्यंत तग धरते, कमी प्रसरण पावते, टर्बोचा भार निमूट पेलते आणि स्वस्तात ओतले जाते. सुरुवातीला तापायला ते वेळ घेते, त्याचा आकार वाळूच्या गाभ्याच्या मर्यादेतच ठेवावा लागतो, आणि तरीही आखूड, वाटणी केलेला बिडाचा मॅनिफोल्ड रस्त्यावरच्या मोटारीत बहुतेक महागड्या हेडरांना भारी पडतो, असे म्हणणे धाडसाचे ठरू नये.

याची जाणीव कमी असण्याचे एक कारण मोजण्याच्या रीतीत आहे. हेडर बदलल्यावर मोटार डायनोवर, म्हणजे चाकांची शक्ती मोजणाऱ्या रुळांवर, चढवली जाते, पेडल पूर्ण दाबले जाते आणि आलेखाचे सर्वांत उंच टोक वाचले जाते. ते टोक इंजिनाच्या वरच्या वेगात असते, म्हणजे लांब आणि रुंद नळ्या जेथे सर्वांत चांगल्या दिसतात नेमके तेथे. पेडल दाबल्यापासून अपेक्षित जोर मिळेपर्यंत गेलेला वेळ त्या आलेखावर उमटत नाही, आणि रस्त्यावर चालकाच्या वाट्याला येतो तो बहुतेक वेळा हाच वेळ. वीस अश्वशक्ती मिळाल्याचा कागद हाती पडतो आणि मोटार पूर्वीपेक्षा सुस्त का वाटते याचे उत्तर मिळत नाही.

दरम्यान मोटारउद्योगाने हा वाद तिसऱ्याच दिशेला नेला आहे. पुण्याजवळच्या चाकण येथे बांधल्या जाणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या मोटारींतील एक लिटरचे तीन सिलिंडरी टर्बो इंजिन पाहिले तर मॅनिफोल्ड शोधूनही सापडत नाही, कारण तो ॲल्युमिनियमच्या हेडमध्येच ओतलेला असतो आणि त्याभोवती इंजिनाचे थंड पाणी खेळवलेले असते. टरबाइनसाठी जपायची ती उष्णता जाणूनबुजून पाण्याला द्यायची, ही रचना वरवर पाहता वर मांडलेल्या सगळ्या युक्तिवादाला छेद देते. पण तीन सिलिंडरांमुळे उफाळ्यांचे भांडण नाही, हेडमध्येच सामावल्याने पोकळी अगदी लहान, आणि गेलेल्या उष्णतेच्या बदल्यात दोन गोष्टी पदरी पडतात. थंड इंजिनाचे पाणी लवकर तापते, आणि पूर्ण भारावर वायू आधीच थोडा निवल्याने टरबाइन वाचवण्यासाठी जादा पेट्रोल ओतण्याची वेळ क्वचित येते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या उत्सर्जन-मर्यादांखाली या दोन्हींचे मोल टरबाइनच्या पाच टक्क्यांहून अधिक आहे. फोर्डने २०१२ साली आपल्या एक लिटरच्या इकोबूस्ट इंजिनात हीच वाट निवडली होती.

अशा इंजिनाच्या मालकाला बदलण्याजोगी नळी उरते ती टरबाइनच्या पलीकडची, जिला डाउनपाइप म्हणतात. तेथे जपण्यासारखा उफाळा राहिलेला नसतो आणि टरबाइनमागचा दाब जितका कमी तितके दाबांचे गुणोत्तर चांगले, म्हणून रुंद आणि मोकळ्या नळीचा जुना नियम तेथे खराच लागू पडतो. पण त्याच जागी, टरबाइनला अगदी खेटून, विषारी वायूंचे रूपांतर करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवलेला असतो. तो अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय कामाला लागत नाही आणि म्हणूनच त्याला टर्बोपासून दूर ठेवता येत नाही.